कलापूरची खरी परीक्षा उद्‌घाटनानंतर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि काही तासांतच शंभर वर्षांहून जुन्या या वास्तूचा मोठा भाग भस्मसात झाला. लगतच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या व्यासपीठालाही झळ पोहोचली. ज्यांचे नाव या नाट्यगृहाला दिले आहे, त्या केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला होती. जयंतीच्या तयारीत असलेल्या रंगकर्मींना त्या सकाळी जळक्या तुळयांसमोर उभे राहावे लागले. ज्यांनी या रंगमंचावर पहिले पाऊल टाकले होते ते ज्येष्ठ कलावंत, पडद्यामागे राबणारे तंत्रज्ञ आणि एरवी नाटकाला क्वचितच जाणारे नागरिकही तेथे जमले होते. एखाद्या घरातील कर्ता माणूस जावा, तशी शोककळा शहरावर पसरली होती.

राज्य शासनाने मदतीची घोषणा केली आणि नाट्यगृहाची पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. वास्तू पूर्वीसारखीच उभी राहावी, याबाबत शहरात दुमत नव्हते. हे एकमत समाधानकारक असले, तरी त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. जी वास्तू जळाल्यावर सारे शहर हळहळले, ती उभी असताना तिच्याकडे रोज लक्ष ठेवण्याचे काम नेमके कोणाचे होते? हा प्रश्न एका नाट्यगृहापुरता नाही. कोल्हापुरातील संग्रहालये, कलादालने, जुने चित्रपट स्टुडिओ आणि सांस्कृतिक संस्था या सर्वांनाच तो लागू पडतो. थोड्याफार फरकाने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांच्या शहरांनाही तो विचारता येईल.

राजाश्रयाची पुण्याई

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हटले जाते, त्यामागे भक्कम इतिहास आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची, तर गायन समाज देवल क्लबची १८८३ ची. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत या नागरी उपक्रमांना राजाश्रयाची जोड मिळाली. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ दरबारात होते. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेले आबालाल रहिमान दरबारी चित्रकार झाले. महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील कलोसियम पाहिले आणि त्याच्या प्रेरणेने खासबागेचे मैदान साकारले, असे सांगितले जाते. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला ललितकलादर्श मंडळीचे संस्थापक आणि कोल्हापूरचे सुपुत्र केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. कुस्ती आणि नाटक यांना एकाच आवारात शेजारी बसवणारी ही रचना कोल्हापूरच्या स्वभावाशी पूर्ण सुसंगत होती.

याच मातीत कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) हे त्यांचे मूकपट भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील महत्त्वाचे टप्पे मानले जातात. या कंपनीत घडलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आदी मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली.

या वैभवाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. राजाश्रय व्यक्तीवर अवलंबून असतो आणि व्यक्ती गेली की तो आटतो. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यावर आबालाल रहिमान यांनी उद्विग्न होऊन आपली हजारो चित्रे कोटीतीर्थ तलावात बुडवली, अशी आख्यायिका कोल्हापुरात आजही सांगितली जाते. तिच्यातील तथ्य किती हा भाग निराळा; पण आश्रयदाता गेल्यावर कलावंताच्या आयुष्यभराच्या कामाला कोणी वाली उरत नाही, ही जाणीव तिच्यात आहे. ‘प्रभात’नेही १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुणे गाठले. ज्या जागी तिने आपला पुण्याचा स्टुडिओ उभारला, तेथे आज राष्ट्रीय चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. जे कोल्हापुरात रुजले, ते बहरले मात्र अन्यत्र. कलेला जन्म देणारे वातावरण आणि तिला सांभाळणारी व्यवस्था या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या शहराने फार पूर्वीच अनुभवले आहे.

टाउन हॉलमधील समुद्रदेव

सांभाळण्याची ही व्यवस्था कशी असावी, याचा विचार करताना भाऊसिंगजी रस्त्यावरील टाउन हॉलपासून सुरुवात करणे इष्ट ठरेल. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात ही गॉथिक धाटणीची वास्तू उभी राहिली. तिच्यातील शासकीय संग्रहालयाचा पाया १९४६ मध्ये घातला गेला. त्याचे निमित्त होते पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे केलेल्या उत्खननातून सातवाहनकालीन वस्तीचा पुरावा हाती आला. या टेकडीवर त्याच दशकात मिळालेल्या काशाच्या वस्तूंमध्ये ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी मूर्ती होती. रोमन जगतात घडलेली ही मूर्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून, कोकणातील बंदरांतून घाट चढून करवीरात पोहोचली असावी.

शाळकरी मुलाला जगाचा व्यापार समजावून सांगण्यासाठी याहून उत्तम साधन शोधूनही सापडणार नाही. जागतिकीकरण ही काल-परवाची गोष्ट नसून आपल्याच नदीकाठच्या टेकडीवर तिचा दोन सहस्रकांपूर्वीचा पुरावा आहे, हे ती वीतभर मूर्ती सांगते. मात्र ते सांगण्यासाठी कोणी तरी तिच्या बाजूने बोलावे लागते. नाव, काळ आणि सापडल्याचे ठिकाण एवढाच मजकूर असलेली पाटी हे काम करू शकत नाही. नकाशा, घाटवाटांचा मार्ग, त्या काळातील नाणी आणि भांडी यांची सांगड घालून गोष्ट उलगडावी लागते. ती वर्षातून एकदा तरी नव्याने मांडावी लागते. हे काम प्रशिक्षित अभिरक्षकाचे आहे, पहारेकऱ्याचे नव्हे. आपल्याकडे शासकीय संग्रहालय म्हणजे ‘वस्तू सुरक्षित ठेवण्याची जागा’ अशी समजूत प्रशासनात खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे कुलूप आणि पहारा यांची तरतूद आधी होते आणि अभ्यासकाची जागा भरण्याचा विषय मागे पडतो.

राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयाची कहाणीही याच अंगाने जाते. मराठी चित्रपटाचा एक काळ गाजवणारे चंद्रकांत हे हाडाचे चित्रकार होते. निसर्गदृश्ये आणि पावडर शेडिंग या प्रकारावर त्यांचे प्रभुत्व होते. त्यांनी हयातीतच आपले घर आणि चित्रसंग्रह शासनाच्या स्वाधीन केला. अशा देणगीमुळे शासनावर जी नैतिक जबाबदारी येते, ती इमारतीचा रंग आणि वीजबिल यांपुरती मर्यादित नसते. आपले सर्वस्व समाजाच्या हवाली करावे असे आणखी एखाद्या कलावंताला वाटेल की नाही, हे आधीच्या देणगीची निगा कशी राखली गेली, यावरच ठरते.

प्रेक्षक नाहीत, हे खरे नाही

‘लोकांनाच रस नाही’ हे अशा वेळी दिले जाणारे ठरावीक उत्तर आहे. कोल्हापुरातील अनुभव मात्र त्याला दुजोरा देत नाही. शहरापासून काही किलोमीटरवर कणेरी मठाच्या परिसरात सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय उभे आहे. तेथे प्राचीन मूर्ती नाहीत, ताम्रपट नाहीत की दुर्मीळ चित्रेही नाहीत. सिमेंटमध्ये घडवलेल्या माणसांच्या आणि जनावरांच्या पूर्णाकृती प्रतिमांतून बारा बलुतेदारांचे गाव मांडलेले आहे. तिकीट काढून हे गाव पाहण्यासाठी शाळांच्या सहली आणि कुटुंबेच्या कुटुंबे तेथे जातात. कलासमीक्षकांना त्या मांडणीबद्दल काहीही वाटो. आजोबांना नातवाला मोट कशी चालत होती हे दाखवावेसे वाटते आणि ते दाखवण्याची सोय तेथे आहे, हे मान्य करावेच लागेल. गर्दी खेचण्यासाठी अस्सल वस्तूंची आवश्यकता नसेल, तर अस्सल वस्तू असलेल्या संग्रहालयांनी कुठे कमी पडतो, याचा विचार करायला हवा.

दुसरे उदाहरण टाउन हॉलच्याच उद्यानातील आहे. रंगबहार या कलावंतांच्या संस्थेतर्फे तेथे ‘मैफल रंगसुरांची’ हा कार्यक्रम होत आला आहे. झाडांच्या सावलीत चित्रकार कॅनव्हास लावून बसतात, शिल्पकार माती हाताळतात, गायन-वादन सुरू असते आणि लोक त्यांच्या पाठीशी उभे राहून चित्र घडताना पाहतात. प्रवेशद्वार नाही, निमंत्रणपत्रिकेचा धाक नाही. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात भरणाऱ्या प्रदर्शनांमधूनही स्थानिक चित्रकारांची एक पिढी दुसऱ्या पिढीला भेटत असते. या उपक्रमांना येणारा रसिक संग्रहालयाच्या दारापासून काही पावलांवर असतो. त्याला आत नेणारा दुवा तेवढा निर्माण व्हायला हवा. उद्यानातील मैफलीच्या दिवशी संग्रहालयात आबालाल आणि बाबूराव पेंटर यांच्या परंपरेवर एखादे व्याख्यान ठेवले, तर त्यासाठी फार मोठा खर्च येणार नाही. त्यासाठी दोन संस्थांनी एकमेकांशी बोलण्याची मात्र गरज आहे.

मालक अनेक, जबाबदार कोण?

हे बोलणे होत नाही, याचे मूळ मालकीच्या गुंत्यात आहे. टाउन हॉल आणि मांडरे संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, केशवराव भोसले नाट्यगृह महापालिकेकडे, न्यू पॅलेसमधील संग्रहालय छत्रपती घराण्याशी संबंधित विश्वस्त संस्थेकडे, देवल क्लब आणि वाचन मंदिर नागरी संस्थांकडे, तर जुन्या स्टुडिओंच्या जागा खासगी मालकीत. प्रत्येकाचे अधिकारी वेगळे, अंदाजपत्रक वेगळे आणि वरिष्ठ कार्यालयही वेगळे. शहराचा सांस्कृतिक वारसा नागरिकांच्या दृष्टीने एकसंध असला, तरी कागदोपत्री तो तुकड्यातुकड्यांत विभागलेला आहे. संकट कोसळेपर्यंत हे तुकडे एका टेबलावर येत नाहीत.

जयप्रभा स्टुडिओचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. कोल्हापूर सिनेटोन म्हणून सुरू झालेली आणि भालजी पेंढारकरांच्या कारकिर्दीने ओळखली जाणारी ही जागा. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत ती भस्मसात झाली आणि भालजींनी ती पुन्हा उभी केली. महापालिकेच्या वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश होता. तरीही जागेचा व्यवहार आधीच होऊन गेल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, तेव्हा शहराला धक्का बसला. चित्रपटकर्मी आणि नागरिक आंदोलनासाठी रस्त्यावर उतरले. यादीत नाव असणे आणि संरक्षण मिळणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या निमित्ताने स्पष्ट झाले. खासगी मालकाला त्याच्या मालमत्तेचे आर्थिक मूल्य मिळू नये, असे म्हणता येणार नाही. परंतु वारसास्थळ जपण्याच्या बदल्यात त्याला विकासहक्काचे हस्तांतर किंवा अन्य मोबदला वेळेत देऊ करणे, हे नियोजन यंत्रणेचे काम आहे. व्यवहार झाल्यानंतरची आंदोलने भावना व्यक्त करतात. पर्याय फारसे उरू देत नाहीत.

यात आणखी एक मुद्दा लोकशाहीचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर कोल्हापूर महापालिकेचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांकडे राहिला. नाट्यगृह जळाले तेव्हाही निवडून आलेले सभागृह अस्तित्वात नव्हते. प्रशासक कार्यक्षम असू शकतात, मात्र नाट्यगृहाच्या देखभालीवर भर सभेत प्रश्न विचारणारा नगरसेवक त्या काळात नव्हता, हे विसरून चालणार नाही.

बांधकामाला निधी, निगेला नाही

सांस्कृतिक वास्तूंसाठी पैसाच नसतो, हे अर्धसत्य आहे. नव्या बांधकामाला आणि नूतनीकरणाला पैसा मिळतो. त्याची घोषणा करता येते, निविदा काढता येते आणि शेवटी कोनशिला बसवता येते. केशवराव भोसले नाट्यगृहाचेही आगीपूर्वीच्या दशकात मोठा खर्च करून नूतनीकरण झाले होते. अडचण त्यानंतर सुरू होते. वीजवाहिन्यांची नियमित तपासणी, अग्निशमन यंत्रणेची चाचणी, छताची गळती, वाळवीचा बंदोबस्त, चित्रांसाठी आर्द्रतेचे नियंत्रण, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे वेतन या बाबी दर वर्षी, न चुकता, तेवढ्याच खर्चाच्या असतात. त्यांचे उद्‌घाटन होत नाही. अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली, की ती पहिल्यांदा येथेच लागते.

या हलगर्जीपणाची किंमत जगाने मोजली आहे. दिल्लीतील राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये आगीत नष्ट झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये ब्राझीलमधील रिओ येथील राष्ट्रीय संग्रहालय जळाले आणि सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहातील फार मोठा हिस्सा कायमचा गेला. त्या संग्रहालयाच्या देखभालीसाठी वर्षानुवर्षे पुरेसा निधी मिळत नव्हता, ही बाब आगीनंतर जगभर चर्चिली गेली. कोल्हापूरला आगीबरोबर पुराचाही धोका आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले होते. नदीकाठच्या शहरातील प्रत्येक ग्रंथालय आणि संग्रहालयाकडे, पाणी वाढू लागल्यास कोणत्या वस्तू प्रथम आणि कोठे हलवायच्या, याची लेखी योजना असणे ही चैन नव्हे.

महाराष्ट्रात यासाठी कायदा नाही, असेही नाही. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार सार्वजनिक वापराच्या इमारतींच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक अभिकरणाकडून तपासणी करून, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचे असते. हे प्रमाणपत्र फायलीत न ठेवता प्रत्येक नाट्यगृहाच्या व संग्रहालयाच्या प्रवेशद्वाराशी लावावे, एवढा साधा नियम केला तरी त्याची मुदत संपल्याचे प्रेक्षकाच्याच लक्षात येईल.

मुंबईचा धडा, मर्यादेसह

वारसा सांभाळण्याची वेगळी व्यवस्था राज्यात उभी राहिलेली आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सध्याच्या वास्तूत सुरू झाले. महापालिकेच्या मालकीचे हे संग्रहालय विसाव्या शतकाच्या अखेरीस दुरवस्थेत होते. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, वास्तूचे शास्त्रशुद्ध संवर्धन झाले आणि २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संवर्धनानंतर ते चालवण्यासाठी विश्वस्त व्यवस्था निर्माण झाली. समकालीन कलावंतांची प्रदर्शने, मुलांच्या कार्यशाळा आणि व्याख्याने यांतून त्याला नवे जीवन मिळाले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा कारभार तर १९०९ च्या कायद्यापासून विश्वस्त मंडळाकडे आहे. या संस्थेने २०१५ मध्ये बसमध्ये फिरते संग्रहालय सुरू करून वस्तूच लोकांच्या दारी नेल्या.

हा धडा जसाच्या तसा गिरवता येणार नाही. मुंबईत मोठे उद्योगसमूह आणि देणगीदार आहेत; जिल्ह्याच्या शहरात ते त्या संख्येने नाहीत. शिवाय खासगी सहभाग म्हणजे सार्वजनिक वास्तू एखाद्या कंपनीच्या दावणीला बांधणे, अशी रास्त भीतीही व्यक्त होते. म्हणून मालकी सार्वजनिकच ठेवून व्यवस्थापनात नागरिकांना आणि तज्ज्ञांना स्थान देणारी रचना शोधावी लागेल. कोल्हापूरकडे त्यासाठी लागणारी एक गोष्ट भरपूर आहे, ती म्हणजे सामूहिक कामाची सवय. सहकारी दूध संघ, साखर कारखाने, पेठापेठांतील तालीम मंडळे ही सारी लोकांच्या वर्गणीवर आणि श्रमावर उभी राहिली. तालीम ही केवळ आखाड्याची जागा नसून पेठेची स्मृती सांभाळणारी संस्था आहे. हीच शक्ती वारशाच्या निगेकडे वळवता येणार नाही काय?

दीर्घ पाठपुरावा हे शहर करू शकते, याचे ताजे उदाहरणही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूर आणि शेजारच्या जिल्ह्यांतील वकील व नागरिकांनी अनेक वर्षे लढा दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झाले. त्यासाठी भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या वास्तूचे रूप पालटले. वापरात असलेली वास्तूच टिकते, हे तेथून जवळच असलेल्या टाउन हॉललाही लागू पडते.

संधी दारात, तयारी कुठे?

हे सारे आताच करण्याची निकड दोन घटनांनी वाढवली आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत पन्हाळा आहे. पन्हाळ्यावर येणाऱ्या देशी-परदेशी अभ्यासकाला आणि पर्यटकाला या प्रदेशाचा इतिहास सलगपणे समजावून देणारे ठिकाण कोल्हापुरात हवे. सातवाहनांपासून शिलाहार आणि मराठ्यांपर्यंतचा हा पट मांडण्याची स्वाभाविक जागा टाउन हॉल हीच आहे. त्यासाठी नवी भव्य इमारत बांधण्याची गरज नाही.

दुसरी घटना कोल्हापुरी चपलेची. जून २०२५ मध्ये मिलानमधील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीशी साधर्म्य असलेली पादत्राणे मूळ कारागिरांचा उल्लेख न करता सादर केली. टीकेनंतर कंपनीने या नमुन्यामागे भारतीय हस्तकौशल्याची प्रेरणा असल्याचे मान्य केले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. परंतु कोणत्या गावात कोणता घाट तयार होई, चामडे कसे कमावले जाई, वेणी कोणत्या हातांनी विणली, याचा तपशील जपणे हे संग्रहालयाचे काम आहे. हस्तकलेवर हक्क सांगायचा तर तिची नोंद आपल्याकडे हवी. ती नसेल, तर जगाच्या बाजारात आपला दावा केवळ संतापाच्या भाषेत मांडावा लागतो.

तीन साध्या गोष्टी

रस्ते, पाणी, पूरनियंत्रण यांसारखे प्रश्न समोर असताना संग्रहालयांवर खर्च कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो अनाठायी नाही. मात्र येथे मागणी शेकडो कोटींची नसून सातत्याची आहे. पहिली गोष्ट म्हणजे नोंद. शहरातील सर्व सार्वजनिक संग्रहांतील प्रत्येक वस्तूची छायाचित्रासह नोंद होऊन ती अभ्यासकांना खुली असावी. त्यासाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅकने विकसित केली असून देशातील प्रमुख राष्ट्रीय संग्रहालयांनी ती वापरली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे देखभालीचा राखीव निधी. कोणत्याही सांस्कृतिक वास्तूच्या बांधकामाला मंजुरी देतानाच पुढील काही वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी काढून ठेवणे बंधनकारक करावे. तिसरी गोष्ट म्हणजे एक संयुक्त समिती. राज्याचे संचालनालय, महापालिका, विश्वस्त संस्था आणि कलावंत यांचे प्रतिनिधी वर्षातून चार वेळा एकत्र बसले आणि त्यांचे इतिवृत्त प्रसिद्ध झाले, तरी तुकड्यांत विभागलेल्या जबाबदारीला काही आकार येईल.

यांतील एकही गोष्ट नवी नाही. त्या कंटाळवाण्या आहेत, त्यांत भाषणाला वाव नाही आणि म्हणूनच त्या मागे पडतात. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीत या तिन्ही गोष्टींचा प्रयोग करता येईल. काय जळाले आणि काय वाचले याची नोंद, नव्या यंत्रणेच्या देखभालीची तरतूद आणि रंगकर्मींचा सहभाग असलेले व्यवस्थापन येथे रुजले, तर टाउन हॉलपासून मांडरे संग्रहालयापर्यंत ते नेता येईल. तसे न झाल्यास नव्या रंगमंचाचा पडदा थाटात उघडेल, नांदी होईल, टाळ्या पडतील आणि काही वर्षांनी पुन्हा एखादी तार उघडी पडलेली असेल, एखादा अग्निशामक नळ कोरडा असेल.

शाहू महाराजांनी शतकापूर्वी नाट्यगृह बांधून दिले. ते सांभाळण्यासाठी आता महाराज येणार नाहीत. उद्‌घाटनाच्या दिवशी सारे शहर तेथे असेलच. त्यानंतरच्या जुलै महिन्यात तपासणीचे प्रमाणपत्र दारावर लागले आहे का, हे पाहायला किती जण जातील, यावर कोल्हापूरचे ‘कलापूर’ हे बिरुद टिकणार की नाही, हे ठरेल.